मध्यपटलाचे श्राव्यातीत ध्वनिपरीक्षण

कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवलेल्या रुग्णाचे मध्यपटल, म्हणजे छाती व उदर यांना विभागणारा आणि श्वसनाची मुख्य मदार ज्यावर असते तो स्नायू, कितपत कार्यक्षम उरला आहे हे रुग्णशय्येपाशीच सोनोग्राफीने अजमावण्याची पद्धती. यंत्राने श्वासाचे काम पत्करले की हा स्नायू विस्मयकारक त्वरेने क्षीण होतो. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मस्तिष्कमृत अवयवदात्यांच्या मध्यपटलाचे तंतू अवघ्या १८ ते ६९ तासांच्या निष्क्रियतेनंतर बारीक झालेले आढळले.

उजव्या काखेखाली, आठव्या ते दहाव्या फासळ्यांच्या दरम्यान, उच्च कंप्रतेचे शोधित्र टेकविले असता मध्यपटल दोन तेजस्वी रेषांमधील काळसर पट्ट्यासारखे दिसते. उच्छ्वासाअंती त्याची जाडी २ मिमी. असून श्वास घेतल्यावर ती २.६ मिमी. झाली, तर जाडीतील वाढ ३० टक्के होय, आणि ही वाढ २० टक्क्यांखाली गेल्यास दौर्बल्याची शंका घेतात. पटलाचे खालीवर सरकणेही मोजतात. परंतु यंत्राच्या दाबाने निश्चेष्ट पटलही हलत असल्याने ते मापन रुग्ण यंत्राच्या साहाय्याविना श्वास घेत असतानाच ग्राह्य धरावे. डावीकडे जठरातील वायू पुष्कळदा आड येतो. यंत्र काढण्याचा निर्णय केवळ या मापनांच्या आकड्यांवर सोपविणे मात्र युक्त नव्हे. खोकल्याची शक्ती आणि कफाचे प्रमाण हेही पाहावे लागते.