गोंडी अक्षर चार बाइटचं, आपला डेटाबेस तीनचा

आज थोडा इतिहास आणि थोडं कोडिंग. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरापोरींनी तर वाचाच.

चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. परकोट अजून उभा आहे, राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली समाधीही. पण त्या राजांची भाषा कॉम्प्युटरवर तिच्या स्वतःच्या लिपीत यायला २०१७ साल उजाडलं. मराठीची देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये होती.

गोंडीला लिपीच नाही, असं आपल्याकडे सर्रास ठोकून दिलं जातं. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्येच एक लिपी तयार केली होती, तीच २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. दुसरी गुंजाला गोंडी, २०१८ ची. गुंजाला हे गाव कुठे? आपल्या जिवतीच्या पलीकडे, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात. तिथल्या जुन्या हस्तलिखितांमधून ही लिपी जगासमोर आली.

आता खरी गोम. युनिकोडने सुरुवातीला ६५,५३६ जागा धरल्या होत्या, जगाला तेवढ्या पुरतील म्हणून. पुरल्या नाहीत, मग पुढे नवे मजले चढवले. देवनागरी तळमजल्यावर, दोन्ही गोंडी लिप्या वरच्या मजल्यावर. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या अक्षराला तीन बाइट लागतात, गोंडीच्या अक्षराला चार. आणि मायएसक्यूएलमधलं जुनं 'यूटीएफ८' नावाला यूटीएफ-८, साठवतं मात्र तीनच बाइटपर्यंत! म्हणजे फॉर्ममध्ये मराठी नाव झकास सेव्ह होणार, गोंडी लिपीतलं नाव टाकलं की एरर. सेटिंग ढिली असेल तर एररही नाही, नाव गुपचूप कापलं जाणार.

उपाय २०१० पासून आहे: यूटीएफ८एमबी४. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तो आपोआप मिळतो, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. ज्यांनी बदलली त्यांनी बहुतेक इमोजीसाठी बदलली, असं माझं मत. हसऱ्या चेहऱ्यालाही चारच बाइट लागतात ना!

कुणी म्हणेल, आपल्याकडचे बहुतेक लोक गोंडी, माडिया देवनागरीतच लिहितात, मग एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे, त्यांना ही अडचण येत नाही. त्यांची अडचण वेगळीच. देवनागरी दिसली की प्रोग्रामर भाषेच्या रकान्यात 'एमआर' टाकून मोकळा होतो, आणि गोंडी मजकूर चुकीचं मराठी म्हणून साठतो. उद्या यावरूनच मशीन शिकणार. गोंडीचा स्वतःचा आयएसओ कोड आहे, 'जीओएन'. तो वापरा.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त. तरी आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. संथाली २००३ मध्ये अनुसूचीत गेली, तिची ओल चिकी लिपी २००८ मध्ये युनिकोडमध्ये, तीही तळमजल्यावर. २०२४ मध्ये गूगल ट्रान्सलेटने एका दमात ११० भाषा वाढवल्या, त्यात संथाली होती, गोंडी नव्हती. अनुसूची आणि सॉफ्टवेअर यांचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी एक: गोंडीच्या एका अक्षराची 'लेंग्थ' दोन येते. वीस अक्षरांवर नाव कापणारा कोड अक्षराच्या मधोमध सुरी चालवू शकतो. दोन्ही लिप्यांचे नोटो फॉन्ट फुकट आहेत. एक गोंडी शब्द तुमच्या फॉर्ममध्ये टाका, सेव्ह करा, परत उघडा. काय दिसलं ते खाली सांगा.