स्मृतिभ्रंश आणि मेंदूतील निचऱ्याचा शोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ठाकूरद्वार हा दक्षिण मुंबईतील चाळींचा जुना परिसर होय. येथील अनेक कुटुंबांतील तरुण पिढी उपनगरांत गेली आणि वृद्ध मागे राहिले. वृद्धांच्या वाढत्या विस्मरणास ‘म्हातारचळ’ म्हणून बाजूस सारण्याची प्रवृत्ती आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होती. मुंबईतील ४० व त्याहून अधिक वयाच्या २४,४८८ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ६५ व त्यापुढील वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले. रुग्णसंख्या कळली, तरी मेंदूत नेमके काय बिघडते, हा प्रश्न उरतोच. त्याच्या एका पैलूचा, म्हणजे मेंदूतील टाकाऊ द्रव्यांच्या निचऱ्याचा, येथे आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका :
अलोइस आल्त्सहायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत रुग्णस्त्रीच्या मेंदूत साचलेल्या द्रव्याचे वर्णन केले. ते द्रव्य का साचते, हे मात्र अज्ञात होते. मेंदूतील रक्तवाहिन्यांभोवतीच्या पोकळ्या फिरखो यांनी १८५१ मध्ये आणि रोबँ यांनी १८५९ मध्ये नोंदविल्या होत्या. मस्तिष्क-मेरुद्रव या पोकळ्यांतून वेगाने मेंदूत शिरतो, असे १९८५ मध्ये रेनेल्स व सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. परंतु हा पुरावा मृत ऊतींच्या कापांवर आधारलेला होता. प्रत्यक्ष प्रवाह त्यांत दिसत नव्हता. त्यामुळे ही कल्पना मागे पडली.

प्रतिमांकनाचा टप्पा :
इलिफ, नेडरगार्ड व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूतील हा प्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली टिपला आणि त्यास ‘ग्लिम्फॅटिक’ व्यवस्था असे नाव दिले. पुढील वर्षी तोच प्रवाह एमआरआयद्वारे दाखविण्यात आला. ऑस्लो येथे २०१७ मध्ये रिंगस्टाड व आयडे यांनी मेरुद्रवात रंजकद्रव्य सोडून मेंदूत पाणी साचणाऱ्या एका विकाराचे रुग्ण तपासले. या विकारातही स्मृतिभ्रंश संभवतो. त्यांच्या मेंदूतून रंजकद्रव्याचा निचरा मंदावलेला आढळला. त्याच वर्षी जपानमधील ताओका यांनी सुई न टोचता, पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून अनुमान करण्याची पद्धत मांडली.

मतभेद :
रंजकद्रव्याची हालचाल म्हणजे टाकाऊ प्रथिनांचा निचरा नव्हे, हा मुख्य आक्षेप होय. ताओका यांचा निर्देशांक मेंदूच्या मर्यादित भागावरून काढला जातो. झोपेत निचरा वाढतो, हा २०१३ चा निष्कर्षही निर्विवाद राहिला नाही. २०२४ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासात याच्या उलट आढळले.

समारोप :
या इतिहासावरून असे दिसते की, योग्य साधनाअभावी एखादी कल्पना दशकानुदशके उपेक्षित राहू शकते. तसेच साधन हाती येताच प्रतिमेलाच पुरावा मानण्याचा मोहही निर्माण होतो. निचऱ्याचे मापन अद्याप संशोधनापुरतेच मर्यादित आहे. नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूचे आकुंचन, जुने आघात किंवा पाण्याचा साठा दिसू शकतो. यांपैकी पाण्याच्या साठ्यावर शस्त्रक्रियेने काही रुग्णांत सुधारणा होते. म्हणूनच चाळीतील वृद्धाचे विस्मरण ‘म्हातारचळ’ न समजता ते वेळीच वैद्यकापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे. ही पहिली नोंद कोणतेही यंत्र करीत नाही. ती घरातील माणसांनीच करावयाची असते.