अभ्यासक्रमाच्या खुर्चीत कोण?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली मुले आईशी मराठीत बोलतात आणि शाळेत हिंदीत लिहितात. त्यांनी काय शिकावे याची दिशा मात्र दिल्लीत ठरते. ती ठरवणारी मंडळी मूळची कोण?

1952 च्या माध्यमिक शिक्षण आयोगाचे अध्यक्ष डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे पेशाने प्रसूतितज्ज्ञ व मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू. 1964 च्या आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. 2005 च्या आराखड्याचे नेतृत्व करणारे प्रा. यशपाल वैश्विक किरणांचे अभ्यासक, तर 2023 च्या आराखड्याचे डॉ. कस्तुरीरंगन अवकाशशास्त्रज्ञ. माणसे थोर, पण चौघांपैकी एकाचाही पेशा शाळामास्तरकीचा नव्हता.

पेशाची छाप कामावर उमटतेच. दहावीपर्यंत विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे, असे कोठारी आयोगाने सांगितले. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे नाईक तरुणपणी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत गावकऱ्यांत राहून काम करत होते. खेड्यातली शाळा त्यांनी जवळून पाहिली होती. प्राथमिकच्या खालच्या वर्गांत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा, अशी एकच भाषा सक्तीची असावी, हेही त्याच अहवालात आहे.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखात सगळे त्या ‘किंवा’वर अडते. मराठीचा वर्गच नसेल, तर मुलाने निवड कशी करावी? ही अडचण फळ्यापाशी रोज उभ्या राहणाऱ्याला आधी कळते. म्हणून पुढच्या समितीत शास्त्रज्ञ जरूर असावेत. पण त्यांच्या शेजारी एक खुर्ची शाळेतल्या शिक्षकाचीही हवी.