आतलं मीटर वाचायचं कोणी?

प्रोग्रॅम हळू का चालतो याचं उत्तर प्रोसेसरला बरेचदा माहीत असतं. कॅशमध्ये डेटा किती वेळा सापडला नाही, ब्रांचचा अंदाज किती वेळा चुकला, हे सगळं तो पोटातल्या रजिस्टरमध्ये मोजत बसतो. हेच परफॉर्मन्स काउंटर. पण ते वाचायचे कोणी? मी वाढलो जवाहरनगरला, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत. आत कोणाला सोडतात, कोणाला नाही, हा प्रश्न तिथल्या पोरांना नवा नाही. म्हणून की काय, मला काउंटरपेक्षा त्यांच्या गेटचा इतिहासच जास्त भारी वाटतो.

१९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम आला. (त्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे, हे पुणेकर तुम्हाला सांगतीलच!) त्यात ४० बिटांचे दोन काउंटर होते. मॅन्युअल काय म्हणायचं? अपेंडिक्स एच बघा. आणि ते मिळायचं फक्त गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्यांना. म्हंजे चिप तुमची, पैसे तुमचे, मीटर मात्र कंपनीचं! शेवटी नॉर्वेच्या तेर्ये माथिसेन यांनी ते स्वतः खणून काढलं आणि जुलै १९९४ च्या 'बाइट' मासिकात छापून टाकलं. झालं, गुपित संपलं. पुढच्याच वर्षी पेंटियम प्रोमध्ये काउंटर वाचायला 'आरडीपीएमसी' ही वेगळी इन्स्ट्रक्शन आली. साधा युजर प्रोग्रॅमही ती वापरू शकतो, पण सीआर४ रजिस्टरमधला पीसीई हा एक बिट ऑपरेटिंग सिस्टिमने चालू केला असेल तरच.

म्हणजे चावी कंपनीकडून कर्नलकडे गेली. लिनक्समध्ये मग बरीच वर्षं 'परफसीटीआर', 'परफमॉन' असे बाहेरचे पॅच लावून लोक काम भागवत. सप्टेंबर २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत काउंटरचा आधार मुख्य कर्नलमध्येच आला, आणि सोबत 'परफ' हे टूल. तेव्हा कुणालाही आपला प्रोग्रॅम सहज मोजता येऊ लागला.

मग २०१३ साल उजाडलं. याच परफच्या कोडमध्ये एके ठिकाणी ६४ बिटांचा आकडा साध्या 'इंट'मध्ये घेतला होता. आकडा ऋण झाला की तपासणी चुकवायचा, आणि साधा युजर थेट रूट व्हायचा! एका डेटा टाइपची किंमत बघा. (कोड रिव्ह्यूमध्ये 'इंटने काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट ऐकवतो.) त्यानंतर गेट हळूहळू बंद होत गेलं. २०१६ मध्ये ४.६ आवृत्तीत 'परफ इव्हेंट पॅरानॉइड' या सेटिंगची मूळ किंमत २ झाली: स्वतःचा प्रोग्रॅम मोजा, कर्नलमध्ये डोकावू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये संशोधकांनी 'प्लॅटिपस' हल्ला दाखवला. त्यात नुसत्या वीजवापराच्या आकड्यांवरून गुप्त किल्ल्या काढल्या होत्या. तेव्हा लिनक्सने तेही मीटर साध्या युजरला बंद केलं.

भीती खोटी नाही. माझ्या मीटरवरून शेजाऱ्याचं गुपित कळत असेल, तर गेट हवंच. पण सगळ्यांनाच बाहेर ठेवणं हा आळशी उपाय वाटतो. त्यापेक्षा २०१५ मध्ये ४.० ने केलं ते मला पटतं. ३.४ पासून आरडीपीएमसी सगळ्या प्रोसेसना खुली होती. ती आता, ज्या प्रोसेसने रीतसर काउंटर मागून मॅप केला आहे, तिलाच मिळते. २०२० मध्ये ५.८ ने 'कॅप परफमॉन' हा वेगळा अधिकार आणला. नुसतं मोजायला पूर्ण रूट होण्याची गरज उरली नाही.

डेबियनला मात्र तेवढ्यानेही समाधान नाही. मुख्य कर्नलमध्ये नसलेली ३ ही पातळी त्यांनी स्वतःचा पॅच लावून आणली. त्या पातळीला साध्या युजरला स्वतःचा प्रोग्रॅमसुद्धा मोजता येत नाही.