कियांती
इटलीच्या टस्कनी प्रांतातील प्रसिद्ध तांबडी वाइन. फ्लॉरेन्स व सिएना या शहरांच्या दरम्यानच्या डोंगराळ प्रदेशावरून तिला हे नाव पडले. हे नाव कोठवर लागू करावे, हा वाद तिच्या इतिहासात वारंवार उद्‌भवला आहे.

मध्ययुगात राद्दा, गायोले व कास्तेल्लीना या गावांचा फ्लॉरेन्सच्या सत्तेखाली ‘कियांती संघ’ होता. काळा कोंबडा हे त्याचे चिन्ह. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझीमो दे मेदीची याने २४ सप्टेंबर १७१६ रोजी जाहीरनामा काढून कियांतीसह चार वाइन-क्षेत्रांच्या सीमा ठरवून दिल्या. उगमस्थानास कायद्याने संरक्षण देण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत याची गणना होते.

इटलीचे पंतप्रधानपद दोनदा भूषविणारा बेत्तीनो रीकासोली (१८०९–८०) याने ब्रोल्यो येथील आपल्या मळ्यांत दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष त्याने १८७२ मध्ये पीसा येथील एका प्राध्यापकास पत्राने कळविले. सांजोवेझे जातीच्या द्राक्षांमुळे वाइनला गंध व जोम येतो, तर कानायोलोमुळे तिचा उग्रपणा निवळतो. मालवाझिया ही पांढरी जात मात्र लवकर प्यावयाच्या वाइनपुरतीच योग्य. मुरविण्याच्या वाइनमध्ये ती टाळता येईल, असे त्याचे मत होते. पुढे नियम करणाऱ्यांना या भेदाचे विस्मरण झाले.

मागणी वाढताच टस्कनीतील इतर वाइनही कियांती म्हणून खपू लागली. तिला आळा घालण्यासाठी ३३ उत्पादकांनी १९२४ मध्ये राद्दा येथे संघ स्थापिला व काळा कोंबडा हेच चिन्ह घेतले. तथापि १९३२ च्या शासकीय आदेशाने हे नाव मध्य टस्कनीच्या विस्तृत भागास मिळाले. मूळ प्रदेशाच्या वाट्यास ‘क्लासिको’ हे विशेषण तेवढे आले. १९६७ च्या उगमनाम-नियमांनी तर १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. वाइन पातळ व अल्पजीवी झाली आणि गवताने वेढलेली तिची फुगीर बाटली (फियास्को) स्वस्त मालाची खूण ठरली.

चांगल्या उत्पादकांना अखेर नियमांबाहेर जावे लागले. आंतिनोरी घराण्याने तीन्यानेल्लो ही वाइन १९७१ च्या हंगामापासून कियांती हे नाव सोडून साध्या ‘मेजावरील वाइन’ या कनिष्ठ वर्गात विकली आणि १९७५ पासून तिच्यातील पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळली. वर्ग कनिष्ठ असूनही तिला किंमत अधिक मिळाली. कियांतीस १९८४ मध्ये हमीयुक्त उगमनामाचा सर्वोच्च दर्जा देण्यात आला; १९९६ मध्ये क्लासिकोचे स्वतंत्र नियम झाले. २००६ पासून क्लासिकोत पांढरी द्राक्षे निषिद्ध असून सांजोवेझेचे प्रमाण किमान ८० टक्के असावे लागते.