घसारा

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला घसारा शिकवला. यंत्र वापरलं की झिजतं, झिजलं की त्याची किंमत उतरते, आणि ती उतरलेली किंमत दर वर्षी वहीत खर्ची टाकायची, एवढाच त्याचा अर्थ. पुढे बँकेत चिकटल्यावर कर्जदारांच्या ताळेबंदात हा शब्द मी हजार वेळा वाचला असेल. यंत्रमागांचा घसारा वाचला, ट्रकांचा वाचला. एका सद्गृहस्थाने तर म्हशींना लावला होता. पण घसारा ही वस्तू बोटांत धरून पाहता येते, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली आणि तीर्थरूपांच्या फियाटचा दुसरा गिअर जावा लागला.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1981 सालची. 1974 पासून गाडीच्या अंगावर पद्मिनी हे नाव आलं, तरी आमच्या घरात ती फियाटच. शाळेच्या दाखल्यावर काहीही असो, घरी बंडू तो बंडूच. तिच्या गिअरची दांडी जमिनीतून उगवत नाही. स्टिअरिंगच्या मानेतून निघते आणि डाव्या हाताने ओढत-ढकलत, वर-खाली करत चालवावी लागते. त्यामुळे पुढे सलग बाक बसतो आणि त्यावर तीन माणसं मावतात. आमच्याकडे साडेतीन मावत. त्यातला अर्धा मी.

बाबा ही गाडी दोनदा क्लच दाबून चालवत. क्लच दाबायचा, दांडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा. खालचा गिअर हवा असेल तर ॲक्सिलरेटरला हलकीशी टिचकी द्यायची. पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. हे सगळं ते संध्या केल्यासारखं निष्ठेने करत. ते शिकले कराडला, मामांच्या लॉरीवर. त्या लॉरीत असं केलं नाही तर गिअरबॉक्स आईबापांचा उद्धार करत असे, असं ते सांगत.

मी पडलो कॉमर्सचा. मी हिशेब मांडला. एका गिअरला दोन क्लच, म्हणजे क्लच प्लेटचा घसारा दुप्पट! “बाबा, क्लच प्लेट झिजेल हो,” हे वाक्य मी त्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं. ते “हं” म्हणत आणि दोनदा क्लच दाबत.

मध्यंतरी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. किल्ली माझ्याकडे आली, बाबा बाकावर डावीकडे सरकले आणि मी मोठ्या ऐटीत एकदाच क्लच दाबू लागलो.

दोन वर्षांत गाडी बोलायला लागली. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना ‘कर्रर्र’! आमच्या सोसायटीचं फाटक नेमकं वळणावर, तिथे दुसरा टाकावाच लागतो. त्यामुळे मी बँकेतून आलो हे तिसऱ्या मजल्यावर न बघता कळू लागलं. “आले वाटतं,” म्हणून आमची सौभाग्यवती चहाचं आधण ठेवी. बाबा शेजारी बसलेले असले की त्या आवाजाला नुसते डोळे मिटून घेत. बोलत काही नसत. बोलले असते तर बरं झालं असतं.

निदान करणारे पुष्कळ भेटले. शेजारी म्हणाले, ऑइल बदला. बदललं. 90 नंबरचं ताजं ऑइल घातलं. ‘कर्रर्र’ जरा तुकतुकीत झाली, एवढंच. ऑफिसातल्या एकाने ऑइलमध्ये लाकडाचा भुसा मिसळायला सांगितलं. ही जुन्या गाड्या विकणाऱ्यांची जुनी युक्ती. भुशाने आवाज दबतो, गिऱ्हाईक खूश होऊन गाडी घेऊन जातं, आणि पुढचं त्याचं नशीब. पण मला गाडी विकायची नव्हती. एका चकचकीत गॅरेजात तर बॉनेटही न उघडता “अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल” असं सांगून कागदावर एक आकडा लिहिला. तो पाहून मला वाटलं, हे आता दोन जामीनदार मागणार.

बँकेतल्या माणसाला फरक सापडला नाही की तो मागच्या तारखांत शिरतो. आजचं जुळत नसेल तर चूक काल झालेली असते. काल नसेल तर परवा. मी मोटारीच्या मागच्या तारखांत शिरलो, तो थेट 1891 साली पॅरिसला जाऊन पोचलो.

पेट्रोलचं इंजिन हा मोठा विचित्र प्राणी आहे. बैल हळू चालतानाही जोर लावतो. इंजिन हळू फिरलं की त्याचा जोरच जातो आणि ते बंद पडतं. म्हणून इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये लहानमोठी दातेरी चक्रं घालून मध्यस्थी करावी लागते. एमिल लेव्हासोर या फ्रेंच इंजिनियरने 1891च्या सुमारास इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरची चक्रं आणि जोर मागच्या चाकांना, अशी मांडणी केली. आमची फियाट त्याच घराण्यातली. गिअर बदलायचा म्हणजे एक चक्र सरकवून दुसऱ्या चक्राच्या दातांत घुसवायचं, आणि दोन्ही चक्रं फिरती! वेग जुळले तर लग्न लागलं, नाही तर दातांवर दात. खुद्द लेव्हासोर या व्यवस्थेबद्दल, पद्धत रानटी आहे पण चालते, अशा अर्थाचं बोलल्याचं सांगतात. आपल्याच मालाबद्दल इतकं खरं बोलणारा कारखानदार मला कर्जखात्यात अजून भेटायचा आहे.

पुढे 1898च्या नाताळच्या आदल्या रात्री लुई रेनो नावाच्या 21 वर्षांच्या पोराने स्वतः बनवलेली छोटी गाडी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीचा खडा रस्ता चढवून दाखवली. त्याची करामत अशी, की वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर चक्रांच्या मध्यस्थीशिवाय सरळ मागे जाई. मध्यस्थ गेला की दलाली वाचते, हे त्या पोराला कॉमर्स न शिकता कळलं होतं. 1899 मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. पण खालच्या गिअरमध्ये दातांवर दात होतेच. त्यावर पुढची तीस वर्षं इलाज एकच, ड्रायव्हरचा डावा पाय. दोनदा क्लच दाबायचा, मध्ये न्यूट्रलला थांबायचं आणि चक्रांचे वेग कानाने जुळवायचे. म्हणजे बाबांची संध्या ही कराडची रूढी नव्हतीच. ती थेट फ्रान्सहून आलेली होती.

1928 मध्ये अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनियरचं सिंक्रोमेश कॅडिलॅक गाडीत आलं. युक्ती साधी होती. दात दातांत शिरण्यापूर्वी मध्ये घर्षण घडवून आणायचं, त्या घासण्याने दोघांचे वेग सारखे करायचे, मग दात सोडायचे. लग्नाआधी पत्रिका जुळवणारे भटजीच म्हणा ना! दोनदा क्लच दाबण्याची कटकट गेली आणि सारं जग खूश झालं. पण पायाचं काम नाहीसं झालं नव्हतं. ते फक्त त्या घासणाऱ्या कड्याच्या नावे पडलं होतं. एका खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्या खात्यात निघतेच, हे मला पाठ होतं. गाडीच्या बाबतीत सुचलं नव्हतं इतकंच.

1953 मध्ये फियाटने नवी 1100 काढली. चार गिअर, दांडी स्टिअरिंगवर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला सिंक्रोमेश, पहिला मात्र त्यावाचून. म्हणून या गाडीत पहिला टाकायचा तो गाडी थांबवूनच. इकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनवत होती. 1964 मध्ये त्यांची 1100 डिलाइट आली. इटलीत 1966 मध्ये या गाडीची दांडी जमिनीवर गेली आणि 1969 मध्ये गाडीच गेली. आपल्याकडे मात्र ती नावं बदलत 2000च्या आसपासपर्यंत निघत राहिली. मुंबईत टॅक्सी म्हटलं की हीच, काळी-पिवळी. तिलाही वीस वर्षांची वयोमर्यादा आडवी आली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टॅक्सी गेल्या, पण त्या दुरुस्त करणारी माणसं कुठे जाणार? कुर्ल्याच्या एका गल्लीत असे एक मिस्त्री सापडले. सत्तरीचे, हातात पाना आणि तोंडात सुपारी.

मिस्त्रींनी पान्याला हात न लावता आधी नुसतं ऐकलं. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, क्लच वर. “आता दाबा,” म्हणाले. दाबला. आवाजात फरक नाही, म्हणजे बेअरिंगा ठीक. “रिव्हर्स टाका.” गाडी उभी, क्लच दाबून दोन क्षण थांबलो आणि टाकला. गपचूप पडला. रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतं. क्लच नीट सुटत नसता तर तो हमखास ओरडला असता. म्हणजे क्लच निर्दोष. मग बॉनेट उघडलं. मला दांडी हलवायला लावून स्वतः स्टिअरिंगच्या पायथ्याच्या सळ्या बघत राहिले. या सळ्यांचे बुश झिजले की दांडी एक सांगते आणि गिअरबॉक्सला दुसरंच ऐकू जातं. कधी सगळं दोन गिअरांच्या मध्येच अडकतं, आणि मग टॅक्सीवाले भर सिग्नलला बॉनेट उघडून हाताने ते सोडवत. आमच्या सळ्या ठीक होत्या.

शेवटी मिस्त्री स्वतः चाकावर बसले. तिसऱ्यातून दुसरा, एकदा क्लच : कर्रर्र! पुढच्या वळणावर दोनदा क्लच, मध्ये टिचकी. दुसरा असा पडला, की पडला हे कळलंदेखील नाही.

“दुसऱ्याची रिंग गेली,” मिस्त्री म्हणाले. “बाकी डबा चांगला आहे. आधी गाडी कोण चालवायचं?”

“वडील.”

“दोन क्लच मारायचे?”

“हो.”

“वाटलंच.”

“पण रिंग असताना त्याची गरज नसते ना?” मी माझं घोडं पुढे दामटलं.

“गरज नाय, साहेब. पण त्यांनी चाळीस वर्षं रिंगला कामच लावलं नाय. तुम्ही दोन वर्षांत सगळं वसूल केलं. तुमचा हात घाईचा.”

बावीस वर्षांच्या नोकरीत ऑडिटरनेसुद्धा माझा इतका थोडक्यात निकाल लावला नव्हता.

चार दिवसांनी गेलो तेव्हा डबा खाली उतरलेला होता. हे काम म्हणजे ऑइल काढायचं, मागे जाणारा शाफ्ट सोडायचा, सळ्या सोडायच्या आणि गाडीखाली पाठीवर निजून तो लोखंडी संसार छातीवर घ्यायचा. आतले भाग निघाले त्या क्रमाने फडक्यावर मांडलेले होते, आमच्याकडे व्हाउचरं लावतात तसे. मिस्त्रींनी दोन कडी माझ्या हातात ठेवली. एक भंगारात गेलेल्या टॅक्सीच्या डब्यातलं, निवडून जपलेलं. घासायच्या बाजूवरून अंगठा फिरवला की खरखर लागत होती. दुसरं आमचं. साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, तेलात नुसतं घसरणारं, कशालाच न धरणारं.

हाच तो घसारा. वहीत तो दर वर्षी ठरल्या टक्क्याने पडतो. गाडी बाबांनी चालवली की मी, हे वही विचारत नाही. कडं मात्र विचारतं. माझ्या तळहातावर माझा दोन वर्षांचा खातेउतारा होता, आणि त्यात एकही चूक नव्हती.

बिल चकचकीत गॅरेजच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही झालं नाही. पैसे मोजून घेताना मिस्त्री म्हणाले, “अशा रिंगा आता दोनच राहिल्यात माझ्याकडे. पुढच्या खेपेला मिळेल का सांगता येत नाय. मीही मिळेन का, ते पण.”

त्या संध्याकाळी बाबांना गाडीतून फिरवून आणलं. परत येताना फाटकाचं वळण आलं. नवं कडं होतं, गरज काहीच नव्हती. तरी क्लच दाबला, न्यूट्रलला आणला, सोडला, टिचकी दिली, पुन्हा दाबला आणि सावकाश दुसरा टाकला. आवाज नाही. वर चहाचं आधण पडलं नव्हतं, हे नंतर कळलं.

बाबांनी या वेळी डोळे मिटले नव्हते. समोर बघत म्हणाले,

“क्लच प्लेट झिजेल हो.”