धंद्याची वेबसाईट बनवून घेताना : पाटी आपल्याच नावाची असू द्या

आपल्या समाजात धंदा करणाऱ्यांची कमी नाही. रत्नागिरी-रायगडचा हापूस, मालेगाव-भिवंडीचं कापड, अत्तर, बेकरी, केटरिंग, घरच्या घरी मसाले आणि लोणची करून विकणाऱ्या भगिनी. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर यायला लागल्या की पुढची पायरी म्हणून वेबसाईटचा विचार येतो. मग काम कुणाला? भाच्याच्या मित्राला, नाहीतर मोहल्ल्यातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला. सगळं तोंडी ठरतं, पैसे दिले जातात, साईट दिसायला लागते आणि आपण खूश.

अडचण येते वर्ष-दोन वर्षांनी. समजा, साईट बनवणारा मुलगा नोकरीसाठी आखातात गेला, त्याचा जुना नंबर बंद आहे आणि ऐन एप्रिलमध्ये, आंब्याच्या मोसमात, साईट उघडेनाशी झाली. चौकशी केली तर कळतं की नाव त्याच्या ईमेलवर नोंदलेलं होतं आणि नूतनीकरण राहून गेलं. त्याची नियत वाईट नव्हती. पण धंदा आपला आणि पाटी दुसऱ्याच्या नावाची, अशी गत झाली. हे टाळणं सोपं आहे. त्यासाठी काय करायचं, ते आम्ही इथे देत आहोत.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

डोमेन म्हणजे दुकानाची पाटी आणि पत्ता. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. डिझाइन, मजकूर आणि फोटो म्हणजे आतली मांडणी. डिझायनर तिन्ही मिळून एकच रक्कम सांगतो, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. कोटेशन मागताना तिन्हींचे आकडे वेगवेगळे मागा. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च दर वर्षी येतो, डिझाइनचा एकदाच. पहिल्या वर्षी सवलत असते, म्हणून दुसऱ्या वर्षीचा दर आधीच विचारा.

डोमेन स्वतः घ्या

डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या साईटवर आपण स्वतः खातं उघडा. ईमेल आपला, मोबाइल नंबर आपला, पैसेही आपल्याच कार्डाने किंवा यूपीआयने. डिझायनरला समोर बसवून हे अर्ध्या तासात होतं. नोंदणी १ ते १० वर्षांपर्यंत करता येते. जमलं तर दोन-तीन वर्षांची करा आणि संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. डॉट इन नावांची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. देवनागरीत नाव हवं असेल तर डॉट भारतची सोय २०१४ पासून आहे.

मुदत संपली म्हणून नाव लगेच जात नाही. डॉट कॉमच्या बाबतीत कंपनीची सवलतीची मुदत संपून नाव रद्द झालं, तरी पुढचे ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. म्हणून साईट अचानक बंद दिसली तर त्याच दिवशी चौकशी करा.

नाव आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर भांडू नका. संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या खात्यात करून मागा. एकाच कंपनीत दोघांची खाती असतील तर काम सोपं असतं. कंपनी वेगळी असेल तर डिझायनरकडून ट्रान्सफर कोड घ्यावा लागतो.

होस्टिंग, बॅकअप आणि कुलूप

होस्टिंगचं खातंही आपल्या ईमेलवर असावं. साईट वर्डप्रेसवर असेल तर लक्षात ठेवा, वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आपण पैसे देतो ते कामाचे. त्यातलं अ‍ॅडमिन खातं आपल्या नावाने हवंच. महिन्यातून एकदा फाइल्स आणि डेटाबेस या दोन्हींची प्रत आपल्याकडे उतरवून घ्या. एक असून दुसरं नसेल तर साईट पुन्हा उभी राहत नाही.

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आहे का ते बघा. ते नसेल तर गुगल क्रोम २०१८ पासून ग्राहकाला 'सुरक्षित नाही' अशी सूचना दाखवतो. यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं. कुणी त्यासाठी मोठी रक्कम मागितली तर कारण विचारा.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये द्या

प्रिंटिंग प्रेसकडे आपलं माहितीपत्रक जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. तोच मजकूर साईटवर टाकला तर अक्षरं भलतीच दिसतात. त्याचा फोटो लावला तर गुगलवर शोधणाऱ्याला तो सापडणं कठीण. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून द्या. उर्दू पानही हवं असेल तर आधीच सांगा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे पानाची मांडणी वेगळी करावी लागते.

करार लिहूनच करा

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत. अर्धे पैसे आज, अर्धे काम झाल्यावर, हा व्यवहारही मुदतीचाच झाला. तरी आपण 'घरचाच मुलगा आहे' म्हणून कागद करत नाही. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. उलट त्यामुळे नातं टिकतं.

कायद्याची बाजूही आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे आपल्याकडे नोकरीला नसलेल्या डिझायनरने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. हक्क आपल्याकडे यायचा तर लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभरासाठी' असं स्पष्ट लिहून घ्या.

कागदावर एवढं असावं :
- पानं किती, कोणत्या भाषेत. फोटो आणि मजकूर कोण देणार
- पहिला नमुना कधी, काम पूर्ण कधी
- किती वेळा बदल करून मिळतील, त्यापुढे किती पैसे
- रक्कम किती हप्त्यांत. डिझायनरची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के धरून की वेगळे
- सर्व खाती आणि पासवर्ड ग्राहकाकडे, कोडचे हक्क ग्राहकाचे
- काम झाल्यावर दुरुस्ती किती महिने मोफत

ऑनलाइन विक्री करणार असाल तर

साईटवर धंद्याचं नाव, पत्ता, फोन, माल परत घेण्याचे आणि पैसे परत देण्याचे नियम हवेतच. पेमेंट गेटवेवालेही ही पानं तपासतात. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते.

डिझायनरचाही हक्क आहे

साईट रखडण्यात अनेकदा आपलाच हात असतो. फोटो दिलेले नसतात, दर ठरलेले नसतात, आणि रोज एक नवा मेसेज : "बेटा, हा रंग जरा बदल ना." बदल एकत्र करून, एकाच माणसाने सांगावेत. काम ठरल्यासारखं झालं की उरलेली रक्कम त्याच दिवशी द्या. काम करणाऱ्याची मजुरी अडवून ठेवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाही लागू आहे.

ज्यांची साईट आधीच आहे त्यांनी आज घरी एवढंच तपासावं : डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे आणि त्याची मुदत कधी संपते? या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत नसतील तर डिझायनरला आजच फोन करा.